कीट्सची रविवारची फेरी

२१ सप्टेंबर १८१९ रोजी इंग्लंडमधल्या विंचेस्टरहून जॉन कीट्सने मित्र रेनॉल्ड्सला पत्र लिहिलं. कापणी झालेली शेतं आपल्याला इतकी कधीच आवडली नव्हती, वसंतातल्या गारठलेल्या हिरव्यापेक्षा ती बरी, असं तो म्हणतो. पुढचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: काही चित्रं जशी उबदार दिसतात, तशी ही धसकटांची रानं उबदार दिसतात. तेवीस वर्षांचा हा कवी शेताकडे बघताना चित्राची आठवण लपवत नाही. रविवारच्या फेरीत हे इतकं मनात भरलं की त्यावर काही रचलं, असं सांगून तो विषय सोडतो.

कवितेचं नाव या पत्रात नाही. पण त्याच दिवशी दुसऱ्या एका मित्राला, वुडहाउसला, लिहायला घेतलेल्या पत्रात ‘टू ऑटम’ उतरवून दिलेली आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली की १९ सप्टेंबरचा रविवार पक्का होतो. वाटेचा पुरावा तिसऱ्या पत्रात सापडतो. अमेरिकेतल्या भावाला, जॉर्जला, त्याच दिवसांत लिहिलेल्या लांबलचक पत्रात जेवणाआधीच्या रोजच्या फेरीचं वर्णन आहे: कॅथीड्रलचं आवार, झाडांखालची फरसबंद वाट, मग कुरणं, सेंट क्रॉस आणि नितळ नदी. त्या रविवारीही तो याच वाटेने गेला असावा. हे अनुमानच, पण रोजच्या सवयीवर उभं असलेलं.

कविता झाडाला पानं फुटावीत तशी सहज यावी, नाहीतर येऊच नये, असं त्याने फेब्रुवारी १८१८मध्ये प्रकाशक टेलरला कळवलं होतं. रेनॉल्ड्सच्या पत्रात मात्र हा विश्वास डळमळलेला दिसतो. मिल्टनी वळणाची वाक्यरचना फार झाली म्हणून त्याने ‘हायपेरियन’ हे काव्य सोडून दिलं होतं. त्यातल्या कारागिरीच्या खोट्या सौंदर्यावर फुली मार आणि खऱ्या भावनेच्या ओळींपुढे दोन रेघा ओढ, असं तो मित्राला सुचवतो, आणि हा फरक आपल्यालाच करता येत नाही, हेही कबूल करतो.

‘टू ऑटम’चा हस्तलिखित मसुदा हार्वर्डमध्ये आहे आणि त्यात खाडाखोड भरपूर आहे. संध्याकाळच्या वर्णनात आधी एक सोनेरी ढग मावळत्या दिवसाला मुलामा देत होता. तो ढग कवीने काढून टाकला. १८२०च्या छापील पाठात तिथे पट्ट्यापट्ट्यांचे ढग आहेत आणि त्यांच्यामुळे मावळता दिवस फुलतो.