विंडोजच्या जुन्या फायली काढाव्यात का?
विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुन्याच संगणकावर विंडोज ११ घेणाऱ्यांना सी ड्राइव्हमधील मोकळी जागा एकाएकी घटलेली आढळते. याचे कारण ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर. पूर्वीची कार्यप्रणाली त्यात राखून ठेवलेली असते आणि त्याचा आकार अनेकदा १० जीबीहून अधिक भरतो.

नवी प्रणाली मानवली नाही, तर १० दिवसांच्या आत याच फायलींच्या आधारे मागे परतता येते. मुदतीनंतर विंडोज ते फोल्डर आपणहून काढून टाकते. प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि नेहमीचे प्रोग्राम सुरळीत चालतात याची खात्री होईपर्यंत ते ठेवणेच हिताचे. जागा तातडीने हवी असल्यास ‘डिस्क क्लीनअप’मध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ आणि मग ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ हा पर्याय निवडावा. त्यानंतर मात्र परतीचा हा मार्ग बंद होतो.

‘विंडोज’ फोल्डरमधील ‘इन्स्टॉलर’ आणि ‘विनएसएक्सएस’ यांना मात्र हात लावू नये. पहिल्यातील फायली नसल्यास प्रोग्रामची दुरुस्ती किंवा काढणी अडते. दुसऱ्यातील फायली नष्ट केल्यास संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो.