४१-२४३०१ : एका विमानाचा दाखला

शाळा सोडताना आपल्या प्रत्येकाच्या हाती जो दाखला आला, त्यावर एका कोपऱ्यात जनरल रजिस्टर नंबर होता. तेव्हा त्याकडे कोणीच पाहिले नाही. पण पुढे कधी जुना कागद काढायची वेळ आली की कार्यालयात नाव नव्हे, आधी तो नंबर विचारतात. नंबर सापडला की जाडजूड रजिस्टर उघडते आणि त्यात आपण सापडतो.

आठवणी या स्मरणिकेत सगळेच लिहितील, म्हणून मी इतिहासाच्या तासाला शोभेल असा विषय घेतला आहे. एका हरवलेल्या विमानाचा दाखला.

१९५८ साली लिबियाच्या वाळवंटात तेलाचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश पथकांना विमानातून खाली वाळूवर पडलेले एक बॉम्बफेकी विमान दिसले. पुढच्या वर्षी माणसे तिथे पोहोचली. विमान मधोमध मोडले होते, पण आतला रेडिओ चालू स्थितीत होता, मशीनगन चालत होती, थर्मासमध्ये पेयही शिल्लक होते. माणूस मात्र एकही नव्हता आणि एकही पॅराशूट नव्हते. विमानाच्या नाकाजवळ ‘लेडी बी गुड’ असे नाव रंगवलेले होते आणि नोंदीतला क्रमांक होता ४१-२४३०१.

हा क्रमांक वाचायला शिकले आणि मला त्याची गोडी लागली. ‘४१’ हे विमान बांधल्याचे वर्ष नव्हे. ज्या आर्थिक वर्षाच्या खर्चात त्याची मागणी नोंदवली, ते हे वर्ष. पुढचा आकडा म्हणजे त्या वर्षाच्या मागणीतला अनुक्रम. विमानाचा पूर्ण प्रकार होता बी-२४ डी-२५-सीओ. ‘बी-२४’ म्हणजे चार इंजिनांचे लिबरेटर, ‘डी’ ही त्याची मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली आवृत्ती आणि ‘सीओ’ म्हणजे कन्सॉलिडेटेड कंपनीचा सॅन दिएगो येथील कारखाना. लिबरेटर पाच कारखान्यांत तयार होत असे, त्यामुळे ही शेवटची अक्षरे महत्त्वाची. फोर्ड कंपनीच्या विलो रन कारखान्याचे ‘एफओ’, फोर्ट वर्थचे ‘सीएफ’. पाचही ठिकाणांहून मिळून १८,००० हून अधिक विमाने बाहेर पडली.

मधला ‘२५’ मला सर्वांत आवडला. तुकडीतुकडीने विमाने बनत आणि प्रत्येक तुकडीत लहानमोठे बदल होत. तुकड्यांना १, ५, १०, १५ असे क्रमांक दिले जात. मधले आकडे मुद्दाम मोकळे ठेवत, म्हणजे कारखान्याबाहेर पडल्यावर कुठे दुरुस्ती-बदल झाले तर त्यांना ते देता येतील. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांना क्रमांक देण्यात माझी वीस वर्षे गेली. ही युक्ती आमची नव्हे हे तेव्हा कळले.

आता नोंदीतला शेवटचा रकाना. हे कोरे विमान २५ मार्च १९४३ रोजी लिबियातल्या सोलुक तळावरील ३७६ व्या बॉम्बर गटाकडे आले. ४ एप्रिलला नेपल्स बंदरावर हल्ला करायला निघाले. विमानाची ती पहिलीच मोहीम होती आणि विल्यम हॅटन यांच्या नऊ जणांच्या चमूचीही पहिलीच. परतताना रात्र झाली. हॅटन यांनी रेडिओवरून तळाची दिशा विचारली. तळावरच्या यंत्राला संदेश कोणत्या रेषेवरून येतो ते कळे, पण तो पुढून येतो की मागून, हे कळत नसे. विमान अजून समुद्रावरच असेल, असे धरून उत्तर दिले गेले. प्रत्यक्षात ते तळ ओलांडून वाळवंटावर आले होते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. इंधन संपत आले तेव्हा मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सर्वांनी उड्या मारल्या. रिकामे विमान आणखी सुमारे २५ किलोमीटर जाऊन आपोआप वाळूवर उतरले.

आठ जण एकत्र जमले. समुद्र जवळच असेल अशा समजुतीने ते उत्तरेकडे चालू लागले. समुद्र कित्येक शे किलोमीटर दूर होता. दक्षिणेला, विमानात, चालू रेडिओ होता. एका बाटलीतले पाणी आठ जणांत झाकणाझाकणाने वाटून घेत ते आठ दिवस तगले. पाच जण सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास चालून थांबले, तीन जण मदत आणायला पुढे गेले. सहवैमानिक रॉबर्ट टोनर यांची डायरी १९६० मध्ये मृतदेहांसोबत सापडली. तिच्यातली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. नवव्याचे, जॉन वोरावका यांचे, पॅराशूट नीट उघडलेच नव्हते. त्याच वर्षी एकूण आठ जण सापडले. व्हर्नन मूर यांचा पत्ता लागला नाही.

याच लिबरेटर जातीची विमाने युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतली कित्येक पुन्हा उडती केली. आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली, काही काळ पुण्याहूनही.

इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करताना मी किती कंटाळत असे, हे सर विसरले नसतील. सर, आता पटते. वाळूत सोळा वर्षे पडलेल्या पत्र्यावरच्या एका आकड्याने नऊ घरांची जुनी वाट पाहणी पुन्हा उघडली आणि त्यांतल्या आठ घरांना उत्तर मिळाले. कुणी कारकुनाने तो आकडा नीट लिहून ठेवला होता, म्हणून.

आपल्या तुकडीच्या यादीतही अजून काही नावांपुढचा पत्त्याचा रकाना कोरा आहे. ही स्मरणिका वाचताना कुणाला काही आठवले, तर संपादक मंडळाला जरूर कळवा.