हवानाच्या पानाची चव

हवानाच्या सिगारचं वर्णन करताना जाणकार देवदाराचं लाकूड, भाजलेली कॉफी, कोको, मिरी, कमावलेलं कातडं अशी नावं घेतात. यातलं काहीही त्या सिगारमध्ये घातलेलं नसतं. आत फक्त तंबाखूची पानं असतात आणि टोक चिकटवायला बिनचवीचा, वनस्पतीपासून केलेला डिंक. बाकी सारं मातीतून, उबेतून आणि माणसाच्या बोटांतून येतं. तंबाखू शरीराचं वाईट करतो, त्यात वाद नाही. पण ज्या हातांनी हे कसब वाढवलं, त्या हातांचा इतिहास फार मोलाचा आहे आणि तो कळल्याशिवाय या चवीचंही नीट आकलन होत नाही.

नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने क्यूबाच्या अंतर्भागात पाठवलेल्या रॉड्रिगो द हेरेस आणि लुइस द तोरेस या दोघांनी तिथले ताइनो लोक पानांच्या सुरळ्या पेटवून धूर घेताना पाहिले. पुढे या पानावर स्पेनच्या राजाची नजर गेली. १७१७ मध्ये क्यूबातल्या तंबाखूच्या व्यापारावर सरकारी मक्तेदारी आली. पिकवणारे शेतकरी तिच्याविरुद्ध त्याच वर्षी उठले, १७२० मध्ये पुन्हा उठले आणि १७२३ मध्ये तिसऱ्यांदा. तिसरं बंड रक्तात बुडवलं गेलं. पकडलेल्या शेतकऱ्यांना हवानाजवळ देहदंड झाला. मक्तेदारी उठायला १८१७ साल उजाडलं. त्यानंतर मात्र हवानात कारखाने भराभर उभे राहिले. एच. उपमान १८४४ चा, पार्तागास १८४५ चा.

उत्तम पान बेटाच्या पश्चिमेच्या पिनार देल रियो प्रांतातलं. तिथल्या व्हुएल्ता आबाहो भागात, सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांभोवती तांबूस, निचऱ्याची जमीन आहे. पाऊस सरला की लागवड होते आणि जानेवारीपासून पानं खुडायला सुरुवात होते. ती एकदम खुडत नाहीत. तळापासून वर, एकेक थर, मधे काही दिवसांची विश्रांती देत. यातच चवीचं गुपित आहे. शेंड्याकडचं पान ऊन पिऊन जाड, तेलकट आणि कडक होतं, त्याला लिगेरो म्हणतात. मधल्या सेकोत सुगंध असतो. तळाचं व्होलादो सौम्य, पण चटकन पेटणारं. एकाच झाडाचे हे तीन स्वभाव. वरचं आवरण, म्हणजे कापा, यासाठी झाडं वेगळी राखतात आणि पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे पान मोठं, तलम आणि बारीक शिरांचं निघतं.

खुडलेलं पान जोडीजोडीने ओवून लाकडी कोठारात दांड्यांवर टांगतात. सुमारे पन्नास दिवसांत हिरवा रंग पिवळ्यावरून तपकिरीवर येतो. मग पानं ओलसर करून त्यांच्या राशी रचतात. रास आतून आपोआप तापते आणि तिच्यातून अमोनियाचा झणझणीत वास बाहेर पडतो. हा वास जाणं म्हणजेच पानातला कच्चा उग्रपणा जाणं. उष्णता फार चढली तर रास मोडून पानं वरखाली करावी लागतात, नाहीतर सुगंधच जळून जातो. मधली शीर काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. त्यानंतरही पानाची सुटका नसते. लिगेरोला निदान दोन वर्षं गासड्यांमध्ये मुरावं लागतं.

वळणाऱ्या कारागिराला तोर्सेदोर म्हणतात. त्याची हत्यारं मोजकीच: एक फळी, चावेता नावाचं सपाट अर्धगोल पातं आणि डिंकाची वाटी. लिगेरो मधोमध, कारण ते सावकाश जळतं. त्याच्याभोवती सेको आणि व्होलादो. पानं तळहातात अशी दुमडायची की हवेला आरपार वाट राहील. घट्ट झालं तर धूर ओढला जात नाही, सैल राहिलं तर सिगार तापून कडू लागते. आतलं पान काल दमट होतं, आज कोरडं आहे, हे बोटांना कळावं लागतं. शेवटी कापा कापून, किंचित ताण देत, पायापासून माथ्यापर्यंत गुंडाळायचा. मधल्या आकाराच्या शंभराच्या आसपास सिगार, एवढं चांगल्या कारागिराचं दिवसाचं काम.

हात गुंतलेले आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांनी क्यूबाचा इतिहास बदलला.

डिसेंबर १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात एक माणूस कामगारांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. स्वतः तंबाखू कारागीर असलेल्या सातुर्निनो मार्तिनेस यांच्या ‘ला आउरोरा’ या साप्ताहिकाने ही कल्पना उचलून धरली आणि पुढच्याच महिन्यात पार्तागासमध्येही वाचन सुरू झालं. वाचकाची मजुरी कामगार आपल्या पगारातून देत, म्हणून पुस्तकही तेच निवडत, मत देऊन. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचन आवडलं की सगळे चावेता फळीवर ठोकत, नावडलं की ती जमिनीवर आपटत. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांच्याही तोंडी ड्यूमा आणि ह्यूगो आले. ‘माँतेक्रिस्तो’ हे १९३५ चं सिगारचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरूनच पडलं.

सरकारला याची भीती वाटली नसती तरच नवल. मे १८६६ मध्ये बंदीहुकूम निघाला. पण वाचनाची प्रथा त्याने संपली नाही. स्पेनविरुद्धच्या युद्धांत देशोधडीला लागलेल्या कारागिरांबरोबर ती समुद्र ओलांडून फ्लोरिडात, की वेस्टला आणि टँपाला गेली. १८९१ मध्ये क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती टँपाला आले तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोता वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं ऐकून तयार झालेला होता. या सिगार कामगारांनी मजुरीतला वाटा स्वातंत्र्याच्या चळवळीला दिला. १८९५ च्या उठावाचा आदेश एका सिगारमध्ये वळून क्यूबात धाडला गेला, असं परंपरा सांगते.

कामाच्या जागी वाचनाची अशी सोय भारतातही उभी राहिली होती. उत्तर केरळात कन्नूर-तलश्शेरीकडच्या विडी कारखान्यांत एक कामगार मल्याळम वर्तमानपत्र वाचत असे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. दोन्हीकडे कामगारांच्या संघटना भक्कम झाल्या, हा योगायोग मानणं अवघड आहे. टँपाच्या मालकांनी तरी तो मानला नाही. १९३१ मध्ये त्यांनी वाचकांना हटवून तिथे रेडिओ बसवले.

सप्टेंबर १९६० मध्ये क्यूबाच्या क्रांतिकारी सरकारने सिगार कारखाने ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेची व्यापारबंदी आली. सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना क्यूबन सिगार जमवायला सांगितलं होतं आणि त्यांनी बाराशे आणल्या, ही गोष्ट सॅलिंजर यांनीच पुढे लिहून ठेवली. देश सोडलेल्या बागायतदारांनी आणि कारखानदारांनी बी आणि कसब डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास आणि निकाराग्वात नेलं. तिथे उत्तम सिगार होऊ लागल्या. मात्र निकाराग्वातल्या एस्तेलीच्या काळ्या, ज्वालामुखीच्या मातीत क्यूबन बियाचं पान अधिक भरदार आणि तिखट उतरलं आणि आता लोक ते त्याच्या स्वतःच्या नावाने मागतात. हवानात वाचक अजूनही माइकसमोर बसतो. त्याच्या कामाला २०१२ मध्ये क्यूबाने राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि पुढची कादंबरी कोणती, हे आजही फळीवर बसलेले कारागीरच ठरवतात.