पाठीवरचे वर्ष : विज्ञानकथांतील खेळण्यांची कालनिश्चिती आणि पुण्याचा किल्ला

एखादी बखर हाती आली म्हणजे संशोधक प्रथम तीन काळ निराळे करतो : तीत वर्णिलेल्या प्रसंगांचा काळ, ती रचली गेली तो काळ, आणि समोर असलेली नक्कल उतरली गेली तो काळ. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्र लिहिले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस. प्रसंग त्याआधीचे, तर नकला त्यानंतरच्या. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून अस्सल व नक्कल यांचा हा विवेक येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेला आहे. तोच विवेक एका अगदी निराळ्या, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या साधनास लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे साधन म्हणजे विज्ञानकथेच्या चित्रपटांवरून व दूरचित्रवाणी मालिकांवरून घडविलेली, हातपाय हलविता येणारी प्लॅस्टिकची लहान माणसे.

इंग्रजीत यांस ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. या नावालाही इतिहास आहे. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत या धास्तीने तिने हे नवे नाव योजले. पुण्यातील मुलांना अशी अडचण कधी पडली नाही. भातुकलीतला तो बाहुला. परंतु दिवाळीच्या किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे, तोफा व गवळणी यांना ‘चित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे. बाहुल्याचे लग्न लावतात, चित्र मांडतात. म्हणजे कथेतील पात्राची मूर्ती व घरगुती खेळातली बाहुली हा भेद मराठीने आपल्या परीने आधीच केला होता. या लेखात पुढे हाच शब्द वापरला आहे.

विज्ञानकथेतील चित्रांचा मोठा व्यवहार १९७० नंतरचा. मेगो कंपनीने १९७४ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील पात्रांची आठ इंची चित्रे काढली. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट मे १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची खेळणी बनविण्याचा परवाना सिनसिनाटी येथील केनर कंपनीकडे होता. परंतु नाताळापर्यंत साचेच तयार झाले नाहीत. तेव्हा कंपनीने चक्क रिकामी पाकिटे विकली. आत चित्र नव्हते, एक प्रमाणपत्र होते. ते पाठविणाऱ्यास १९७८ साली टपालाने चार चित्रे मिळाली. सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या या पहिल्या चित्रांवर स्वामित्वहक्काचे वर्ष मात्र १९७७ असेच कोरलेले आहे. म्हणजे कोरलेल्या वर्षी हे चित्र कोणाही मुलाच्या हाती नव्हते. तो आकडा हक्काची नोंद आहे, जन्माची नव्हे.

‘ही-मॅन’ या पात्राच्या बाबतीत क्रम आणखीच उलटा दिसतो. मॅटेल कंपनीची ही चित्रे १९८२ मध्ये विक्रीस आली. त्यांच्या पाठीवर १९८१ हे वर्ष आहे. आणि मालिका १९८३ मध्ये सुरू झाली. तलवार व किरणास्त्र एकाच हाती देणारी ही कथा चित्राच्या मागोमाग आली. तेव्हा ‘मालिकेवरून घडविलेले खेळणे’ हे वर्णनही तपासूनच स्वीकारावे लागते.

खरा गुंता ही चित्रे भारतात आली तेव्हाचा आहे. परदेशी खेळणी सहजासहजी आयात होत नसत. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील परिमाणात्मक निर्बंधांचा शेवटचा भाग १ एप्रिल २००१ रोजी उठला. त्यामुळे मधल्या काळात खेळण्यापेक्षा साचा व परवाना येथे येणे सोयीचे होते. ब्लो प्लास्ट या मुंबईच्या कंपनीच्या ‘लिओ’ या नाममुद्रेखाली मॅटेलची चित्रे येथे निघाली. एम. आर. एफ. व हॅस्ब्रो यांच्या सहकार्याने १९८७ साली ‘फनस्कूल’ स्थापन झाली आणि तिने गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’ची चित्रे काढली. हा ‘जो’ आता बारा इंची राहिला नव्हता. १९८२ पासून तो केनरच्याच मापाचा झाला होता आणि दूरचित्रवाणीवरील त्याच्या कथेत विज्ञानकथेची शस्त्रे व यंत्रे आली होती. अमेरिकेत निवृत्त झालेले साचे येथे वर्षानुवर्षे चालले, रंग बदलले, एकाचे शस्त्र दुसऱ्याबरोबर गेले. पाठीवरचे मूळ वर्ष मात्र पुष्कळदा तसेच राहिले.

अशी वस्तू हाती आली असता काय होते ते पाहावे. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात एखाद्यास १९८२ असे वर्ष कोरलेला सैनिक मिळाला, आणि त्यावरून त्याने ‘१९८२ मध्ये पुण्यातील मुले अमेरिकन खेळणी खेळत’ असे अनुमान काढले, तर ते साफ चुकेल. मूर्ती १९८२ ची, ओतीव काम कदाचित १९९२ चे, आणि खेळ त्याहूनही पुढचा. बखरीची नक्कल मूळ समजण्याचाच हा प्रमाद होय.

तिसरा काळ, म्हणजे वापराचा, हा पुण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ मध्ये पुण्यात दिसू लागले ते सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे. पुढे ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ व ‘ही-मॅन’ दूरदर्शनवर आले. ज्या गडावर ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे पडले, त्याच गडावरच्या मनोऱ्यावरून ही पात्रे पेठांतील घरांत उतरली. आणि त्याच गडाची प्रतिकृती मुले दिवाळीत अंगणात माती-दगडांनी रचीत व हळीव पेरून हिरवी करीत. शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि कोठेतरी बुरुजाआड गोव्यात ओतलेला सैनिक किंवा उघड्या छातीचा ही-मॅन, अशी मांडणी या काळात अपरिचित राहिली नाही. परकी कथा येथे आली, पण तिचे पात्र गडाच्या शिबंदीत सामील झाले. पाठीवरचे वर्ष ही गोष्ट सांगू शकत नाही.

या तुलनेत कसबा पेठेतील कुंभारवाड्यात विकावयास येणारे मातीचे चित्र अगदी मुके आहे. त्यावर वर्ष नाही, हक्क नाही, कारखान्याचे नाव नाही. एक चित्र खोटे वर्ष सांगते, दुसरे कोणतेच सांगत नाही. दोहोंचा काळ ठरवावयाचा तर घराची साक्ष हवी : ते कोणी घेतले, कोणत्या दिवाळीस मांडले, कोणत्या खोक्यात ठेवले.

ही साक्षच आज वेगाने नाहीशी होत आहे. ‘जी. आय. जो’च्या चित्राचे धड व पाय आतील एका रबरी कड्याने जोडलेले असतात. कालांतराने ते कुजते व चित्राचे दोन तुकडे होतात. मुलाने दोऱ्याने बांधलेली कंबर ही वापराची अस्सल नोंद होय. परंतु संग्राहक नवे कडे बसवितो, डाग धुतो, हरवलेले शस्त्र दुसरीकडून आणून जोडतो. आणि जिची किंमत वाढली ती वस्तू साधन म्हणून दरिद्री होते.

दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वस्तू जमविल्या आणि संग्रहालयास बालपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव दिले. घरगुती वस्तूला इतिहासात स्थान आहे, हे पुण्यास निराळे पटवून देण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकच्या चित्रांचा संग्रह जो कोणी करील, त्याने नोंदवहीत एका वर्षाऐवजी तीन रकाने आखावे : साच्याचे वर्ष, ओतल्याचे वर्ष, खेळल्याचे वर्ष. पहिला पाठीवरून भरता येईल. दुसरा रंग, प्लॅस्टिक व वेष्टन यांच्या परीक्षणाने. तिसरा भरण्यासाठी त्या घरच्या माणसांस विचारावे लागेल, आणि ती सांगण्यास आहेत तोवरच विचारावे लागेल.