तुकडी १२० ची, क्रमांक विद्यापीठाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

२०२५ ची एनआयआरएफची यादी आली तेव्हा आपल्याकडे दोन बातम्या गाजल्या. विद्यापीठांच्या गटात मुंबई विद्यापीठ ६१ वरून ५४ वर चढलं आणि पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ २३ वरून ५६ वर घसरलं. पुणेकरांच्या पुढे गेलो म्हणून आपल्याकडे अभिनंदनाचे मेसेज फिरले. आनंद आहेच. पण मला एक साधा प्रश्न पडला. विद्यापीठ सात पायऱ्या चढलं, तर भिवंडीतल्या बी.कॉम.च्या वर्गात काय बदललं? आणि उद्या ते दहा पायऱ्या उतरलं, तर काय बदलेल?

उत्तर आधीच सांगून टाकतो: काहीच नाही. का नाही, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ ला स्थापन झालं. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने शिकवायचं नाही. महाविद्यालयांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आजच्या भाषेत बोलायचं तर विद्यार्थी-शिक्षक प्रमाण झकास! पण तो वर्ग लहान होता, कारण दाराबाहेरची गर्दी आत येऊच शकत नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात नेमकं हेच दुखणं मांडलं होतं. शेतकऱ्याच्या करातून सरकारचा पैसा गोळा होतो आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या मूठभर वर्गावर.

म्हणून लहान वर्गाचं कौतुक करताना आधी विचारायचं, की तो लहान कशामुळे आहे. शिक्षक पुरेसे आहेत म्हणून, की मुलं बाहेर ठेवली म्हणून?

हा वाद पुढेही झाला. लॉर्ड कर्झनने १९०२ साली विद्यापीठ आयोग नेमला आणि १९०४ ला कायदा आणला. दर्जा सुधारायचा, असं त्याचं म्हणणं. आयोगाच्या शिफारशींत किमान फी ठरवणं होतं, दुय्यम दर्जाची महाविद्यालयं बंद करणं होतं. आयोगातलेच न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली, कारण याने गरिबाच्या पोराचं शिक्षण तुटणार हे त्यांना दिसत होतं. आपल्याकडून गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता विधेयकाच्या विरोधात उभे राहिले. गोखले स्वतः फर्ग्युसनमध्ये शिकवून आलेले. दर्जा नको असं ते म्हणत नव्हते. दर्जाच्या नावाखाली दार अरुंद होऊ नये आणि विद्यापीठं सरकारच्या मुठीत जाऊ नयेत, हा मुद्दा होता. त्याच कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची मुभा मिळाली, हेही खरं. त्यातून हळूहळू मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहिले. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्र विभाग आला, पुढे तो गो. स. घुर्ये यांनी वाढवला.

इथेच आपल्या गोष्टीतली मुख्य फट पडली. एका बाजूला विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, पदव्युत्तर आणि संशोधनाचे. दुसऱ्या बाजूला संलग्न महाविद्यालयं, पदवीची, गर्दीची. नाव एकच, पदवीवरचा शिक्का एकच, पण घरं दोन.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) गर्दीचा प्रश्न सरळ आकड्यात मांडला. संलग्न महाविद्यालयात जास्तीत जास्त १,५०० विद्यार्थी असावेत आणि शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या कला-विज्ञान शाखांत ३,०००. आज मोठ्या शहरांतली कित्येक महाविद्यालयं तो आकडा केव्हाच ओलांडून गेली आहेत. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक अशी वेगळी विद्यापीठं झाली, १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं. मुंबईचा पसारा कमी झाला खरा, पण मुंबई शहर-उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढा पट्टा राहिलाच. त्या पसाऱ्याचं ओझं काय असतं ते आपण २०१७ ला भोगलं. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय ऐन वेळी झाला, १७ लाखांच्या आसपास पेपर अडकले, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या वर्षी ज्यांच्या घरात शेवटच्या वर्षाचं मूल होतं त्यांना वेगळं सांगायला नको.

आता येऊ यादीवर. एनआयआरएफ सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झालं आणि पहिली यादी एप्रिल २०१६ ला आली. त्यात वर्ग किती मोठा आहे हे थेट मोजतच नाहीत. मोजतात ते शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण. सुरुवातीच्या वर्षांतलं विद्यापीठांचं सूत्र असं होतं (पुढे गुणांच्या वाटपात थोडे फेरफार झाले): १५ विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक असेल तर ३० पैकी ३० गुण. प्रमाण घसरेल तसे गुण घसरणार, आणि ५० मागे एकही शिक्षक नसेल तर थेट शून्य.

हिशोब करून बघा. ३०० विद्यार्थी आहेत. २० शिक्षक असतील तर ३० गुण. १० असतील तर १५. ६ असतील तर ९. आणि ५ झाले की शून्य! म्हणजे एक निवृत्ती झाली, जागा भरली नाही, की नवावरून शून्यावर.

या भागाचं वजन एकूण शंभरात नऊच गुणांचं होतं. नऊ म्हणजे किरकोळ वाटतात. पण यादीच्या मधल्या भागात एक-दीड गुणाच्या अंतरात बरीच विद्यापीठं दाटीने बसलेली असतात, तिथे तेवढ्यावर क्रमांक हलतो.

शिवाय रिक्त जागेचा फटका एकाच ठिकाणी बसत नाही. पीएच.डी. झालेले शिक्षक किती, हे मोजताना भागाकार करतात तो *असायला हवे होते* तेवढ्या शिक्षकांच्या संख्येने. शोधनिबंधांचंही तेच. म्हणजे नसलेला शिक्षक आधी प्रमाणात मोजला जातो, मग पात्रतेत, मग संशोधनात. एक खुर्ची रिकामी, पण गुण तीन ठिकाणी कापले. पुण्याच्या घसरणीनंतर सगळ्यात जास्त चर्चा प्राध्यापकांच्या रिक्त जागांची झाली, ती उगाच नाही.

जागा रिकाम्या का? ही आपल्या राज्याची जुनी कहाणी आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयांचं दार उघडलं. त्याने मुलांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. पण हळूहळू सरकारलाही सवय लागली, की शिक्षण वाढवायचं आणि शिक्षकाचा पगार मात्र आपल्या अंगावर घ्यायचा नाही. अनुदानित पदांची भरती वर्षानुवर्षं अडकत गेली. २०१८ ला परवानगी मिळाली तीही रिक्त पदांपैकी ४० टक्क्यांनाच. उरलेला गाडा ओढतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. झालेले, तासावर पैसे घेणारे. सुट्टीत पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. आणि यादीत शिक्षक म्हणून गणना पूर्णवेळवाल्याची. राबतो तो, पण हिशोबात नाही.

तुम्ही म्हणाल, मग भिवंडीतल्या गर्दीच्या वर्गांमुळे मुंबई विद्यापीठाचा क्रमांक खाली जात असेल. नाही ना! गंमत इथेच आहे. विद्यापीठाच्या क्रमांकात संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी धरत नाहीत. कलिना, उपकेंद्रं, विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, एवढंच. महाविद्यालयांची यादी वेगळी, तिथे त्यांनी स्वतः अर्ज करायचा. म्हणजे धामणकर नाक्यावरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं, पण ती ज्या वर्गात बसते तो वर्ग मुंबई विद्यापीठाच्या क्रमांकात कुठेच नाही. १९०४ च्या कायद्यानंतर पडलेली फट आजही तशीच आहे.

त्या वर्गाचा हिशोब आपणच मांडू. बी.कॉम., बी.ए.ची तुकडी १२० ची. तास ४८ मिनिटांचा. एका नावाला तीन सेकंद धरले तरी हजेरीला सहा मिनिटं गेली. प्रत्येकाची एक वही पाच मिनिटांत तपासायची म्हटली तरी दहा तास लागतात, आणि एका शिक्षकाकडे तुकडी एकच नसते. मग वही तपासणं बंद होतं. प्रश्न विचारणं बंद होतं. मागच्या बाकावरची पोरं येणं बंद होतात. हुशार मूल कसंबसं निभावतं, ज्याच्या घरी सांगायला कुणी आहे तेही निभावतं. आपल्या गावात यंत्रमागावर दोन पाळ्यांत खपणाऱ्या बापाच्या, गोदामात हमाली करणाऱ्याच्या, आगरी पाड्यातल्या, पद्मशाली वस्तीतल्या, उर्दू शाळेतून आलेल्या मुलांचं काय? त्यांना घरी सांगायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी शिक्षकाने नावाने ओळखणं ही चैन नाही, तोच एकमेव आधार आहे.

काही जण म्हणतील, मग वर्गाचा आकारच क्रमांकात धरा. अमेरिकेत ते करून झालंय. यूएस न्यूजच्या यादीत वर्गाच्या आकाराला ८ टक्के वजन होतं आणि २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या वर्गांना त्यात महत्त्व होतं. काय झालं? दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठातल्याच एका अधिकाऱ्याने २००९ साली एका परिषदेत सांगितलं, की २० ते २५ चे वर्ग १९ वर आणले आणि आधीच मोठे असलेले वर्ग आणखी फुगू दिले. कारण ५० चा वर्ग ७० चा झाला तरी गुण जात नव्हते. कोलंबिया विद्यापीठाने तर ८२.५ टक्के वर्ग २० च्या आतले असल्याचं कळवलं होतं. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये विद्यापीठाचीच वेळापत्रकं मोजून दाखवलं, की खरा आकडा ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान आहे. विद्यापीठाने चूक मान्य केली आणि क्रमांक दुसऱ्यावरून अठराव्यावर गेला. पुढच्याच वर्षी यूएस न्यूजने वर्गाच्या आकाराचा निकषच काढून टाकला.

या गोष्टीतला मला आवडलेला भाग म्हणजे तो प्राध्यापक. कुठला आयोग आला नाही, कुठली समिती बसली नाही. एका माणसाने उघड असलेली माहिती घेतली आणि मोजली.

ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण पाठवलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. शिक्षकांची यादी नावानिशी असते. पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, नगरसेवकांनी ती उघडून बघावी. जे महाविद्यालय भाग घेत नाही त्याला साधे तीन आकडे विचारावेत: मंजूर पदं किती, भरलेली किती, एका तुकडीत मुलं किती. अनुदानित संस्था असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. भांडायला जायचं नाही, प्राचार्यांना कोंडीत पकडायचं नाही. बहुतेक प्राचार्य स्वतःच या जागांसाठी मंत्रालयाच्या फेऱ्या मारून दमलेले असतात. हे आकडे हातात असले तर त्यांचाच हात बळकट होतो. आमदार-खासदारांना 'शिक्षणाकडे लक्ष द्या' असं मोघम सांगण्यापेक्षा 'या विषयाचं पद अमुक वर्षापासून रिकामं आहे' असं सांगितलेलं टाळणं त्यांना अवघड जातं.

आणि एक सावधगिरी. हा प्रश्न मांडला की कुणीतरी सोपा उपाय सांगणार: तुकड्या कमी करा, प्रवेश कमी करा, प्रमाण आपोआप सुधारेल. कागदावर सुधारेलही. ३०० चे १५० केले की त्याच दहा शिक्षकांवर ३० पैकी ३० गुण! पण उरलेली १५० मुलं कुठे गेली हे यादी विचारत नाही. ते आपण विचारायचं. त्यातल्या मुली घरी बसतील आणि मुलगे मागावर जातील, हे भिवंडीत कुणाला सांगायला लागत नाही.

खालची संख्या कमी करून नाही, वरची वाढवून प्रमाण सुधारायचं. तुकडी १२० ची ठेवा हवी तर, पण तिचे दोन वर्ग करा आणि दोन पूर्णवेळ शिक्षक द्या. पुढची यादी येईल तेव्हा आपलं विद्यापीठ ५४ वर असो, ४५ वर असो, शेअर जरूर करा. पण त्याच पोस्टखाली आपल्या कॉलेजातल्या भरलेल्या पदांचा आकडाही लिहा. तुमच्याकडे तो असेल तर आजच कमेंटमध्ये टाका, विषयासकट. शिक्षकांची नावं नकोत, फक्त पदं. एकत्र यादी करू.