कासव चालवणाऱ्या बाया



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका सुनेनं कर्ज मागितलं. म्हशीसाठी नाही, दवाखान्यासाठी नाही, सहा वर्षांच्या मुलाच्या कोडिंगच्या क्लाससाठी. तिला फोन आला होता, आत्ता शिकला नाही तर पोरगा मागं पडेल म्हणून. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. कोडिंग म्हणजे काय हेच निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं, मग हो कसं म्हणायचं आणि नाही तरी कसं म्हणायचं? म्हणून ठरवलं, आधी माहिती काढू. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी वाचून दाखवलं, आम्ही ऐकलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

कोडिंग म्हणजे यंत्राला कामाच्या सूचना ओळीनं देणं. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. चहा कर म्हटलं आणि पाणी ओत सांगायचं राहिलं, तर ते रिकामं पातेलं तापवत बसेल.

पोरांना हे शिकवायचं खूळ मोबाइलबरोबर आलं असं आम्हाला वाटत होतं. पण त्याची सुरुवात १९६७ साली झाली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. संगणक तेव्हा कपाटाएवढे असत, आणि मुलांच्या हाती ते द्यायचे ही कल्पनाच लोकांना वेडगळ वाटे. तिथं सेमोर पॅपर्ट, वॉली फ्युरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली. यातली सिंथिया आम्हाला फार आवडली. ती एमआयटी या संस्थेत एका प्राध्यापकांची सेक्रेटरी म्हणून काम करत होती, आणि तिथंच प्रोग्राम लिहायला स्वतःची स्वतः शिकली.

पुढं लोगोला एक कासव मिळालं. खरंखुरं नाही, घुमटासारखं, चाकांवर चालणारं यंत्र, पोटाशी पेन लावलेलं. जमिनीवर मोठा कागद पसरायचा. मुलानं सांगायचं, इतकं पुढं जा, इतकं उजवीकडं वळ. कासव जाईल तिथं रेघ उमटते. मुलाला चौकोन जमत नसेल तर पॅपर्ट उत्तर सांगत नसत. म्हणत, तूच कासव हो आणि चालून बघ.

पण लोगोत सूचना टाइप कराव्या लागत. ज्याला अजून अक्षर येत नाही त्यानं काय करायचं? हा प्रश्न एमआयटीतल्याच रेडिया पर्लमन या तरुणीनं हाती घेतला. १९७४च्या सुमारास तिनं बटणांची पेटी बनवली. एक बटण पुढं जाण्याचं, एक वळण्याचं, एक भोंगा वाजवण्याचं. मग तिनं आणखी एक यंत्र केलं. त्यात ओळीनं खाचा होत्या. मुलानं चित्रांची कार्डं एकामागं एक खाचेत घालायची आणि बटण दाबायचं. कासव एकेक कार्ड पाळत जाई, आणि कोणतं कार्ड चालू आहे ते दिव्यानं कळे. चूक झाली तर कुठं झाली ते पोराला डोळ्यांनी दिसे. साडेतीन वर्षांच्या मुलांनीही कासव चालवलं.

मग रेडियानं हे काम सोडून दिलं. का, तर आजूबाजूला सगळे पुरुष. आपल्याला शास्त्रज्ञ म्हणून मानावं असं तिला वाटत होतं, आणि आपलं काम गोंडस पोरांशी जोडलेलं आहे याचा थोडा संकोच वाटत होता. हे तिनं स्वतःच पुढं सांगितलं आहे. हे वाचल्यावर आमच्यातल्या अंगणवाडीताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रेडियानं पुढं नाव काढलं. संगणकांच्या जाळ्यात निरोप एकाच जागी गोल गोल फिरत अडकू नयेत, यासाठीची पद्धत तिनं १९८५ साली शोधली. पण पोरांची ती पेटी बरीच वर्षं मागं पडली.

आता जरा आडवळणाला जातो. त्याच १९७४ साली आपल्याकडं मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी कोलमवर शोधनिबंध लिहिला. कोलम म्हणजे तिकडची रांगोळी. संगणकाच्या भाषेला जसे नियम असतात तसे नियम लावून ही नक्षी मांडता येते, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे तिकडच्या बायका रोज सकाळी दारात काय करत होत्या बघा. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतही तेच की! तोच तुकडा, वळवून पुन्हा, वळवून पुन्हा.

कार्डं जोडायची कल्पना पुन्हा वर आली ती टॅबवर. २०१४ साली स्क्रॅचज्युनिअर नावाचं ॲप आलं. ते करणाऱ्यांत मरिना बर्स या बाई होत्या, मूळच्या अर्जेंटिनाच्या, पॅपर्ट यांच्याच विद्यार्थिनी. हे ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. पडद्यावर एक मांजर. खाली रंगीत ठोकळे, त्यांवर अक्षरांऐवजी चित्रं. बाण म्हणजे चाल, दुसरा ठोकळा म्हणजे उडी मार. ठोकळे डावीकडून उजवीकडं जोडायचे, हिरवा झेंडा दाबायचा. मूल स्वतःचा आवाजही भरू शकतं, म्हणजे मांजर खुशाल मराठीत बोलतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ॲप फुकट आहे. अमेरिकेच्या सरकारी विज्ञान निधीतून त्याला पैसा मिळाला होता.

हे कळल्यावर बैठकीत बराच गलका झाला. जे फुकट आहे त्यासाठी २० हजारांचं कर्ज? कुणी म्हणालं, शिकवणारा माणूस मिळतो त्याचे पैसे. तेही खोटं नाही. मग एका मुलीनं २०२० च्या शिक्षण धोरणातलं वाचून दाखवलं. त्यातही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे. सहा वर्षांचं पोर मागं पडायला अजून बराच अवकाश आहे. सुनेनं तिथंच अर्ज मागं घेतला, पण चेहरा उतरलेला होता. पोरासाठी काही करायचंय ही तिची ओढ आम्हाला कळत होती. अंगणवाडीताईंकडं एक टॅब आहे, त्यावर ते ॲप घेऊ असं ठरलं.

टॅब चालू होईपर्यंत आम्ही पोरालाच कासव केलंय. अंगणात खडू घेऊन तो वाकून चालतो आणि आजी हुकूम सोडते, चार पावलं पुढं, उजवीकडं वळ, पुन्हा चार पावलं. परवा आजी वळ म्हणायला विसरली, आणि कासव थेट गोठ्यात गेलं.