थंडीत वायपर काचेला चिकटला? आधी हाताने सोडवा, मगच बटण दाबा

डिसेंबर-जानेवारीत रावेर-यावलची केळी घेऊन ट्रक पंजाब, जम्मू, श्रीनगरकडे जातात. सुट्ट्यांत मनाली-काश्मीरला गाड्या घेऊन जाणारेही बरेच असतात. आपल्याकडच्या ड्रायव्हरला घाट, पाऊस, चिखल याची सवय असते, बर्फाची नसते. सकाळी उठून सवयीने वायपर चालू केला जातो. वायपर काचेला गोठून बसलेला असतो. मग रबर फाटतं, फ्यूज उडतो, कधी मोटर जळते. परमुलखात, घाटात, वायपरशिवाय गाडी चालवणं म्हणजे डोळे बांधून चालवणं.

वायपर का गोठतो?

पाणी ० अंशाला गोठतं. पण हवा २-३ अंशांवर असली तरी काचेवर बर्फ धरू शकतो. आभाळ मोकळं असलं की रात्री काच आणि पत्रा आपली उष्णता वर सोडतात आणि हवेपेक्षा जास्त गार होतात. म्हणूनच सातपुड्यात तोरणमाळ, डाब भागात आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ कडाक्याच्या थंडीत गाड्यांच्या टपावर दव गोठलेलं दिसतं.

काश्मीरात २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलां’ हा सर्वांत कडक थंडीचा काळ असतो. तिथे पारा रोजच शून्याखाली जातो. दिवसा काचेवर पडलेलं बर्फ इंजिनच्या उबेने वितळतं, ते पाणी वायपरच्या रबराखाली साचतं आणि गाडी बंद झाली की तिथेच गोठतं.

रात्री गाडी लावताना

१. आधी वायपर बंद करा, तो खाली जागेवर येऊ द्या, मग चावी काढा. वायपर चालू ठेवून गाडी बंद केली तर सकाळी चावी फिरवताच गोठलेल्या वायपरवर मोटर जोर लावते. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर तेही बंद ठेवा.

२. काच आणि रबर कोरड्या फडक्याने पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त फायदा याचाच.

३. वायपर उभे करून ठेवा, म्हणजे रबर काचेला टेकत नाही. मात्र जोराचा वारा असेल तर उभे ठेवू नका. दांडीला स्प्रिंग असते, ती आपटली तर काच तडकते. काही नव्या गाड्यांत वायपर बोनेटखाली दडलेले असतात, ते ओढून उभे करू नका. त्यांची उभी करण्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

४. वारा असेल तर वायपर खालीच ठेवून काचेवर कोरडी ताडपत्री टाका, कडा दारात दाबा. ओलं गोणपाट किंवा चादर टाकू नका, तीच काचेला चिकटते.

५. गाडीचं तोंड पूर्वेकडे करून लावा. सकाळचं ऊन थेट काचेवर येतं.

केबिनमध्ये झोपणाऱ्यांसाठी

बर्फ किंवा दरड पडून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला की ट्रक उधमपूर, काझीगुंडला थांबवून ठेवतात. ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्येच झोपतात. श्वासाची वाफ काचेवर आतूनही गोठते. त्यासाठी खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

सकाळी वायपर चिकटलेला असेल तर

- वायपरच्या बटणाला हात लावू नका.
- इंजिन चालू करून गरम हवा समोरच्या काचेवर सोडा. सुरुवातीला हीटर कमी ठेवा, हळूहळू वाढवा. एसी असेल तर सोबत चालू करा, आतली ओल लवकर सुकते.
- बर्फ सैल झालं की प्लास्टिकच्या पट्टीने किंवा मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने खरवडा. पाना, स्क्रू ड्रायव्हर, चाकू वापरू नका, काचेवर कायमचे ओरखडे पडतात.
- वायपर हाताने हलकेच उचलून पाहा. सहज सुटला तरच बटण दाबा. ओढाओढी केली तर रबर फाटतं.
- टपावरचं आणि बोनेटवरचं बर्फही झाडा. ब्रेक मारला की टपावरचं बर्फ घसरून काचेवर येतं.

उकळतं पाणी ओतू नका

ढाब्यावर गरम पाणी सहज मिळतं म्हणून ते काचेवर ओतलं जातं. गार काच एका बाजूने एकदम तापते आणि तडकते. खड्याने आधीच बारीक टवका उडालेला असेल तर तिथून चीर वाढत जाते. शिवाय तेच पाणी वायपरच्या सांध्यात जाऊन पुन्हा गोठतं. मिठाचं पाणीही नको, पत्रा गंजतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग फवाऱ्याच्या बाटलीत भरून मारलं तर बर्फ लवकर सुटतं. मात्र हे पेट घेणारं आहे. जवळ विडी-काडी नको, केबिनमध्ये फवारू नका.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी

आपल्याकडे या टाकीत साधं पाणी आणि थोडा शाम्पू टाकतात. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे टाकी किंवा तिचा पंप फुटू शकतो. निघण्याआधी हे पाणी फवारून संपवा आणि शून्याखाली न गोठणारं वॉशर लिक्विड भरा. रेडिएटरचं कूलंट यात टाकू नका. काच तेलकट होते, आणि ते विषारीही आहे.

निघण्याआधी पाहा

- वायपरचं रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर गावीच बदला. एक जोड जास्तीचा सोबत घ्या.
- वायपरचा फ्यूज कुठे आहे ते बघून ठेवा, दोन जादा फ्यूज ठेवा.
- कोरडी फडकी, ताडपत्री, प्लास्टिकची पट्टी, हातमोजे गाडीत असू द्या.
- काचेवर टवका असेल तर दुरुस्त करून घ्या.

पूर्ण काच साफ झाल्याशिवाय गाडी हलवू नका. हातभर जागा पुसून तेवढ्यातून बघत निघालं तर बाजूने येणारा माणूस दिसत नाही. माल अर्धा तास उशिरा पोहोचला तरी चालेल.